शेतीशाळा संपल्यावर प्रशिक्षकांनाही विचारा

शेतीशाळा, प्रशिक्षण वर्ग, शिवारफेरी किंवा पीक प्रात्यक्षिक संपले की, उपस्थित शेतकऱ्यांकडून एक छापील अभिप्राय पत्रक भरून घेण्याची पद्धत आता बहुतेक ठिकाणी रूढ झाली आहे. विषय उपयुक्त वाटला काय, व्याख्यान समजले काय, चहा-जेवणाची व्यवस्था कशी होती, अशा प्रश्नांपुढे खुणा केल्या जातात आणि पत्रके फाईलला लागतात. परंतु ज्याने तो वर्ग घेतला, दोन तास बांधावर उभे राहून शेतकऱ्यांच्या प्रश्नांना तोंड दिले, त्या प्रशिक्षकाला मात्र सहसा कोणी काही विचारत नाही. त्याचे काम संपले, असेच धरले जाते. वास्तविक, वर्गात नेमके कोठे अडले हे सर्वांत आधी त्यालाच कळलेले असते.

हा विषय केवळ विद्यापीठातील प्राध्यापकांचा किंवा कृषी विभागातील कर्मचाऱ्यांचा आहे, असे शेतकरी बंधू-भगिनींनी समजू नये. आज नाशिक जिल्ह्यात असे अनेक शेतकरी आहेत की जे स्वतः शिकविण्याचे काम करतात. द्राक्षबागेत छाटणीचे प्रात्यक्षिक करून दाखविणारे अनुभवी बागायतदार, बचत गटाच्या ताई, शेतकरी गटाचे प्रमुख, शेतीशाळेचे यजमान शेतकरी हे सर्व प्रशिक्षकच होत. त्यांनी सांगितलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दहा-वीस पंपांत पडते. त्यामुळे प्रशिक्षकाची एखादी अडचण वेळीच समजली नाही तर तिची किंमत पिकाला, आणि काही वेळा माणसालाही, मोजावी लागते.

मक्यावरील लष्करी अळीचा अनुभव

अमेरिका खंडातील मूळची ही अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात, प्रथम कर्नाटकात, आढळून आली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली आणि २०१९ च्या खरिपात मालेगाव, येवला, बागलाण अशा मक्याच्या तालुक्यांतून तिच्याविषयी घाईघाईने शेतीशाळा घ्याव्या लागल्या. कीड नवीन, पीक पोंग्यात आलेले आणि हाती दिवस थोडे. गावोगाव शिकविणाऱ्या काही प्रशिक्षकांचा एक दिवसाचा वर्ग घेण्याचे काम त्या वेळी प्रस्तुत लेखकाकडे आले होते. वर्गात अळीची ओळख, शेतात फिरून पाहणी कशी करावी, कामगंध सापळे आणि फवारणी असे विषय होते. शेवटी पत्रके भरून घेतली. जवळजवळ सर्वांनी ‘उत्कृष्ट’ या शब्दापुढे खूण केली होती. वर्ग चांगला झाला, या समाधानात आम्ही घरी गेलो.

सुमारे तीन आठवड्यांनी त्यांपैकी एक प्रशिक्षक दुसऱ्याच कामासाठी महाविद्यालयात आले. चहा घेताना सहज म्हणाले, “सर, तुमचं ते दहा लिटरचं आम्हाला कळतं. पण शेतकरी विचारतो, पंपाला किती टाकू ते सांग.” मी विचारले, “मग तुम्ही काय सांगितलं?” ते म्हणाले, “मी आपलं तेवढंच सांगितलं.”

आपल्याकडे शिफारशी प्रति १० लिटर पाण्यासाठी देण्याची जुनी पद्धत आहे. उदाहरणार्थ, मक्यावरील या अळीसाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी हे कीटकनाशक ४ मिली प्रति १० लिटर पाणी, असे सांगितले जाते. परंतु पाठीवरचा पंप आता बहुधा १५ किंवा १६ लिटरचा असतो. १६ लिटरच्या पंपात ६.४ मिली औषध पडावयास हवे. तेथे ४ मिलीच टाकले तर दहा लिटरमागे अडीच मिलीच औषध पडते. त्यानंतर आम्ही इतर प्रशिक्षकांना दूरध्वनी करून विचारले. एकाने बरोबर हिशेब करून सांगितले होते. दोघांनी पंपाला ४ मिलीच सांगितले होते. एकाने बाटलीचे एक टोपण, असे सांगितले होते, आणि टोपण तर प्रत्येक बाटलीचे वेगळे. एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या प्रशिक्षकांनी चार गावांत तीन प्रकारच्या मात्रा सांगितल्या होत्या आणि आमच्या फाईलमध्ये मात्र सर्वत्र ‘उत्कृष्ट’ होते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट बरोबर हिशेब करणाऱ्या प्रशिक्षकाने सांगितली. एकरी २०० लिटर पाणी धरले तर १६ लिटरचे साडेबारा पंप होतात. परंतु त्यांच्या गावात मजूर सहा-सात पंपांतच एकर उरकतात. म्हणजे पंपामागची मात्रा बरोबर असूनही एकरी औषध निम्मेच पडते, आणि पोंग्यात तर ते पुरेसे उतरतच नाही. औषध कुचकामी आहे, अशी ओरड त्या गावातून येत होती. दोष औषधाचा नव्हता, पण तो कोठे होता हे आम्हाला वर्गात बसून कधीही समजले नसते.

सर्वच बातमी वाईट होती असे नाही. या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे लिहिल्यासारखी खूण असते, तसेच शेपटीकडील बाजूस चार काळे ठिपके चौकोनात असतात. आम्ही सर्व तक्त्यांवर ‘उलटा वाय’ असेच छापले होते. एका गावात शेतीशाळेला आलेल्या बहुतेक महिला इंग्रजी अक्षरे न शिकलेल्या होत्या. तेथील प्रशिक्षिका ताईंनी तक्ता बाजूला ठेवला आणि “उलट्या बेचकीवाणी खूण पाहा” असे सांगितले. बेचकी सर्वांच्या ओळखीची. महिलांनी तासाभरात अळ्या ओळखून काढल्या. त्या ताईंनी हे आपणहून आम्हाला कळविले नव्हते. “त्यात काय सांगायचं?” असे त्यांना वाटले. लहान अळीवर ही खूण साध्या डोळ्यांना नीट दिसत नाही, चष्मा घरी ठेवून आलेल्या वडीलधाऱ्यांना तर मोठ्या अळीवरही दिसत नाही, म्हणून प्रत्येक गटास एक तरी भिंग द्यावे, हीदेखील त्यांचीच सूचना. असे उपयुक्त शब्द व युक्त्या एका गावातच राहून जातात.

ही कल्पना नवीन नाही

प्रशिक्षकांकडून परत माहिती घेण्याची सोय आपल्या विस्तार व्यवस्थेत कागदावर फार पूर्वीपासून आहे. डॅनियल बेनोर यांनी मांडलेली व जागतिक बँकेने पुरस्कारलेली ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत भारतात १९७४ च्या सुमारास राजस्थान व मध्य प्रदेशातील चंबळ लाभक्षेत्रात सुरू झाली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रातही आली. जुन्या वाचकांना ‘संपर्क शेतकरी’ हा शब्द आठवत असेल. त्या पद्धतीत विद्यापीठातील शास्त्रज्ञ व विषय विशेषज्ञ यांची दरमहा कार्यशाळा होत असे आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे दर पंधरवड्यास प्रशिक्षण असे. या बैठकांचा हेतू दुहेरी होता. वरून शिफारस खाली जावी आणि खालून अडचण वर यावी. पहिला प्रवाह बरा चालला. दुसरा क्षीण राहिला, हे पुढे या पद्धतीच्या अनेक मूल्यमापनांत नमूद झाले. कारण उघड आहे. पंधरवड्याच्या बैठकीत कार्यकर्त्याला पुढचा संदेश घ्यावयाचा असे, भेटींचा अहवाल द्यावयाचा असे. मागच्या संदेशाचे काय झाले, हे विचारण्यास वेळ उरत नसे, आणि सांगितले तर आपल्याच कामात उणीव निघेल अशी त्याला भीती वाटे.

शेतीशाळेने याबाबतीत चांगला धडा घालून दिला आहे. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाल्यानंतर १९८६ मध्ये तेथील सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू केल्या. आठवड्यातून एकदा, संपूर्ण हंगामभर, पंचवीस-तीस शेतकरी शेतातच शिकतात, ही कल्पना तेथून जगभर गेली व आपल्याकडेही आली. या पद्धतीत वर्ग संपल्यानंतर प्रशिक्षकांनी आपापसात बसून त्या दिवसाचे काय जमले, काय फसले हे बोलणे हा कामाचाच भाग मानला गेला आहे. आपण शेतीशाळा घेतली, तिचे तक्ते घेतले, नाव घेतले. शेवटची अर्धा तासाची बैठक मात्र बहुधा गाडी पकडण्याच्या घाईत सुटून जाते.

केव्हा व कोणी विचारावे?

विचारणा त्याच दिवशी करावी. दुसऱ्या दिवसापर्यंत प्रशिक्षकाच्या मनात “बरं झालं” एवढेच उरते आणि आठवड्यानंतर तर सर्व वर्ग सारखेच वाटू लागतात. शेतकरी घरी गेल्यावर प्रशिक्षकांनी झाडाखाली किंवा ओसरीवर अर्धा-पाऊण तास बसावे. प्रशिक्षक एकटाच असेल तर त्याने परतताना, वाहन थांबवून, भ्रमणध्वनीवर दोन-तीन मिनिटे बोलून ठेवावे. लिहिण्याचा कंटाळा असणारी मंडळीही बोलताना भरभरून बोलतात, असा अनुभव आहे.

विचारणारी व्यक्ती कोण आहे याला फार महत्त्व आहे. ज्याने पाठ तयार केला त्यानेच “कसा वाटला?” असे विचारले, तर कोणता भला माणूस तोंडावर वाईट म्हणेल? आपल्याकडे साहेबांपुढे उणे बोलण्याची रीत नाही. आमच्या महाविद्यालयातील अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहतात. हे कृषिदूत व कृषिकन्या बीजप्रक्रिया, माती नमुना घेणे, बोर्डो मिश्रण तयार करणे अशी प्रात्यक्षिके शेतकऱ्यांना करून दाखवितात. त्यांना मी विचारले की उत्तर ठरलेले, “छान झाले सर.” कारण त्यांचे गुण माझ्याच हाती असतात. एकदा ही विचारणा गुण देण्याशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याने केली, तेव्हा कळले की एका गावात बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक पाहण्यास केवळ तीन शेतकरी आले होते व बाकीची लहान मुले होती. छायाचित्रात गर्दी चांगली दिसत होती.

म्हणून बैठकीत आधी प्रत्येकाने पाच मिनिटे गप्प बसून आपले म्हणणे कागदावर लिहावे. मग बोलावयास सुरुवात सर्वांत नवख्या प्रशिक्षकाने करावी आणि ज्येष्ठांनी शेवटी बोलावे. ज्येष्ठ आधी बोलले की पुढचे सर्व जण त्यांचीच री ओढतात. बैठकीत कोणी खुलासा करू नये, विशेषतः पाठ तयार करणाऱ्याने. “तसं नव्हतं म्हणायचं, तुम्ही नीट ऐकलं नाही,” हे एक वाक्य उच्चारले की पुढे त्या बैठकीत काही निष्पन्न होत नाही. ही चूक प्रस्तुत लेखकाकडून एकापेक्षा अधिक वेळा झाली आहे.

काय विचारावे?

“कसे वाटले?” हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर “चांगले” हेच येते. प्रश्न घडलेल्या गोष्टीविषयी असावा. शेतकऱ्यांनी विचारलेला कोणता प्रश्न तुम्हाला सोडवता आला नाही? माझ्या मते हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे आणि केवळ एकच विचारावयास वेळ असेल तर हाच विचारावा. त्याच्या उत्तरातून पुढच्या वर्गाचा पाठ निम्मा तयार होतो. पंपाला किती, हा प्रश्न आम्ही त्याच संध्याकाळी विचारला असता तर तीन आठवडे वाया गेले नसते.

त्यानंतर, पाठातील कोणता भाग तुम्ही गाळला आणि का, हे विचारावे. प्रत्येक प्रशिक्षक काही ना काही गाळतोच, त्यात दोष नाही. परंतु सर्वांनी एकच भाग गाळला असेल तर तो भाग एक तर अवघड लिहिला गेला आहे किंवा तेथे साहित्य अपुरे पडले आहे. शिकविताना तुम्ही कोणता शब्द बदलला, हेही जरूर विचारावे. सुरगाणा, पेठ या भागांत कोकणा बोली बोलली जाते. तेथील प्रशिक्षकाला पुस्तकी मराठीतील पत्रक तोंडी उलगडून सांगावे लागते. नागली व भाताच्या रोपवाटिकेविषयी तो काय शब्द वापरतो ते लिहून ठेवले तर पुढच्या वर्षी नवीन प्रशिक्षकाला आयतेच मिळतात.

उपस्थिती कमी असेल तर कारण विचारावे, पण विषयाला दोष देण्याची घाई करू नये. आमच्या एका वर्गास दुपारी चौदाच शेतकरी आले. विषयात रस नाही, असे अहवालात लिहावयाचेच बाकी होते. प्रशिक्षकाने सांगितले की, त्या आठवड्यात थ्री फेज वीज दिवसा होती. जो तो मोटारीवर. पुढच्या आठवड्यात वीज रात्रीच्या पाळीत गेली आणि त्याच विषयाला जागा पुरली नाही. गावचा आठवडे बाजार, कांदा लिलावाचे दिवस, ऑक्टोबर छाटणीची धांदल या गोष्टी प्रशिक्षकाला ठाऊक असतात. वेळापत्रक मात्र कार्यालयात बसून ठरते.

आणि एक प्रश्न असा, की जो आम्ही अलीकडे विचारू लागलो आहोत: वर्गाला कोण आले नव्हते? फवारणीच्या वर्गाला शेतमालक येतो. औषध कालविणारा व पंप पाठीवर घेणारा मजूर त्या वेळी कोणाच्या तरी शेतात कामावर असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना वाचकांच्या स्मरणात असेल. हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा, उपाशीपोटी फवारणी न करणे हे सारे आपण ज्याला सांगतो त्याच्या अंगावर बहुतेक वेळा औषध उडतच नाही, ही गोष्ट एका प्रशिक्षकाने बोलून दाखविली तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो. त्यानंतर त्यांच्याच सूचनेवरून त्या गावात मजुरांसाठी सकाळी कामावर जाण्यापूर्वी साडेसात वाजता, मजूर जमतात त्या चौकातच, वीस मिनिटांचे प्रात्यक्षिक ठेवले. मालकांनी त्या दिवशी अर्धा तास उशीर चालवून घेतला.

ऐकलेले सर्वच मान्य करावे काय?

नाही. प्रशिक्षक सांगतो ते त्याच्या बाजूने खरे असते, परंतु त्यावरून काय बदलावे हे तपासून ठरवावे लागते. सुरक्षित फवारणीचा भाग कंटाळवाणा होतो, शेतकरी उठून जातात, तो काढून टाकावा, असे अनेक प्रशिक्षक सुचवितात. शेतकरी उठून जातात हे खरे आहे. भाग काढणे मात्र योग्य नाही. तो शेवटी न ठेवता औषध कालविण्याच्या प्रात्यक्षिकातच मिसळून टाकावा, म्हणजे उठून जाण्याचा प्रश्न राहत नाही. माती परीक्षणाचेही तसेच. ऐकण्यास रुक्ष, पण म्हणून सोडता येत नाही.

उलट काही वेळा प्रशिक्षकाची तक्रार शिफारशीच्या मांडणीतील उणीव दाखवून देते. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी, असे आपण पाठ करून शिकवितो. द्राक्ष भागातील एका प्रशिक्षकाने सांगितले की, त्यांच्याकडे दुकानात कळीचा चुना मिळत नाही, विरलेल्या चुन्याची पूड मिळते. किलोला किलो घेतली तरी मिश्रण आम्ल राहते आणि पानांवर चट्टे पडतात. म्हणणे रास्त होते. चुन्याचा दर्जा बदलला की त्याचे प्रमाणही बदलते. म्हणून आता आम्ही वजनाच्या आधी परीक्षा शिकवितो. तयार मिश्रणात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा किंवा चाकू थोडा वेळ बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजावे व चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा पाहावे. लिटमस कागद मिळाल्यास उत्तमच. मिश्रण प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात करावे, लोखंडी भांड्यात करू नये. ही परीक्षा पुस्तकात पूर्वीपासून आहे, पण शेवटच्या ओळीत. प्रशिक्षकाच्या तक्रारीमुळे ती पहिल्या ओळीत आली.

पुन्हा तीन-चार आठवड्यांनी

त्या दिवशीची विचारणा वर्गाविषयी असते. शेतात काय झाले हे तिच्यातून कळत नाही. प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या. वर्ग आवडला काय, काही शिकले काय, शिकलेले वापरले काय आणि त्यातून फायदा झाला काय. आपली छापील पत्रके पहिल्याच पायरीवर थांबतात. तिसऱ्या पायरीची बातमी शेताच्या बांधावरून रोज जाणाऱ्या प्रशिक्षकालाच असते. म्हणून महिन्याभरात त्यास पुन्हा एकदा विचारावे: सांगितलेल्यांपैकी काय केलेले दिसले? उन्हाळी कांद्याच्या वर्गात ५० टक्के माना पडल्यावर काढणी करावी व काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे, असे सांगितले तर ते सर्वांना पटते. पण बाजारभाव चढू लागले की माना पडण्याची वाट कोण पाहतो? प्रशिक्षकाने सांगितले की निम्म्या लोकांनी कांदा लवकर काढला, तर पुढच्या वर्गात माना पडण्याविषयी अधिक बोलून उपयोग नाही. लवकर काढलेला कांदा चाळीत न भरता आधी विकावा, हे सांगण्याचा उपयोग आहे.

दुसऱ्या विचारणेसाठी स्वतंत्र बैठक बोलावू नये. प्रशिक्षकांना बैठका पुरेशा असतात. दूरध्वनीवर दहा मिनिटे पुरतात. गटप्रमुखांनी तर गटाच्या मासिक सभेत पहिला विषय म्हणून हाच घ्यावा.

सांगितले त्याचे काय झाले?

प्रशिक्षक एकदा सांगतो, दोनदा सांगतो. तिसऱ्यांदा त्याला “सांगून काय उपयोग?” असे वाटू लागते. त्याकरिता एक साधी वही ठेवावी. डाव्या पानावर प्रशिक्षकाने काय सांगितले ते तारखेसह लिहावे, उजव्या पानावर त्यावरून काय बदलले ते लिहावे. बदलले नसेल तर का नाही, हेही लिहावे. पुढच्या प्रशिक्षण वर्गाच्या आरंभी ही वही वाचून दाखवावी. पाच मिनिटे लागतात. आपले वाक्य वहीत आहे हे पाहून मागच्या रांगेतील प्रशिक्षक पुढच्या खेपेस आपणहून बोलतो. विद्यापीठाच्या पातळीवर सोडवावयाचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ एखादी शिफारस आपल्या भागात लागू पडत नाही असे दोन-तीन प्रशिक्षकांनी सांगितले, तर तो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास किंवा संशोधन केंद्रास लेखी कळवावा. चारही कृषी विद्यापीठांच्या वार्षिक संयुक्त बैठकीत शिफारशींचा विचार होतो. तेथपर्यंत बांधावरची अडचण पोहोचावयाची तर ती कोणीतरी कागदावर उतरविलीच पाहिजे.

मक्याच्या त्या वर्गानंतर आमच्या वहीच्या उजव्या पानावर पहिली नोंद अशी झाली: मात्रा यापुढे १० लिटर, १६ लिटरचा पंप आणि २०० लिटरचे पिंप अशा तीन रकान्यांत द्यावी. त्यानुसार क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलसाठी ४, ६.४ व ८० मिली असे छापले. पण ६.४ मिली मोजावयाचे कशाने? एका प्रशिक्षकाने सुई काढलेली १० मिलीची सिरिंज सुचविली. औषधाच्या दुकानात ती अल्प किमतीत मिळते. घरातील औषधांत मिसळू नये म्हणून तिला लाल चिकटपट्टी गुंडाळून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, पंपाच्या पेटीतच ठेवावी, असे ठरले. पुढच्या हंगामात प्रत्येक गटाला दोन सिरिंजा दिल्या. त्यावर ताजा अभिप्राय असा आला की, औषध लागून सिरिंजेवरचे छापील आकडे महिन्याभरातच पुसून जातात. आता वाटण्यापूर्वी आम्ही ६.४ मिलीच्या ठिकाणी तापविलेल्या खिळ्याने एक खाच पाडून देतो.